शिळा की खिळा : मराठी ग्रंथमुद्रणातील एका निवडीचा इतिहास

मराठी ग्रंथाचा इतिहास लिहिताना आपण लेखकापर्यंत पोचतो, प्रकाशकापर्यंत पोचतो, फार तर संपादकाच्या प्रस्तावनेपर्यंत जातो. छापखान्याच्या उंबरठ्याशी मात्र आपली चौकशी थांबते. एखादे पुस्तक कोणत्या साली निघाले हे वाङ्मयेतिहासात हटकून नोंदलेले असते. ते कशावर छापले, हे क्वचितच. जणू मजकूर आधी पूर्ण होतो आणि छपाई ही त्यानंतरची केवळ हमाली आहे, असा एक अलिखित समज आपल्या अभ्यासात रूढ आहे. हा समज किती अपुरा आहे हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही एकच प्रश्न हाती घेत आहोत : छपाईच्या दोन पद्धती समोर असताना छापणाऱ्याने कोणती निवडली, का निवडली, आणि त्या निवडीने मजकुराचे काय केले?

हा प्रश्न आजही जिवंत आहे. महाविद्यालयाच्या मराठी विभागाने चर्चासत्रातील निबंधांचे पुस्तक काढायचे ठरवले, तर छापखान्यात पहिला प्रश्न येतो, ‘प्रती किती?’ दोनशे म्हटले तर ‘डिजिटल करा’ आणि दोन हजार म्हटले तर ‘ऑफसेट परवडेल’, हे उत्तर ठरलेले. विचारणाऱ्याला ही सर्वस्वी नव्या काळाची अडचण वाटते. प्रत्यक्षात १८३०च्या सुमारास मुंबईत मराठी पुस्तक छापू पाहणारा माणूस जवळपास अशाच पेचात होता. त्याच्या समोर शिळा होती आणि खिळा होता.

देवनागरीची किंमत

हा पेच समजून घेण्यासाठी आधी खिळ्याची अडचण पाहिली पाहिजे. युरोपातील छापणाऱ्याला पाव शतक अक्षरे, त्यांची मोठी-लहान रूपे, आकडे आणि विरामचिन्हे एवढ्यांवर काम भागवता येई. देवनागरीत तेवढ्याने काय होणार? स्वर, व्यंजने, त्यांच्या काना-मात्रा-वेलांट्या-उकार, जोडाक्षरे, रफार, अनुस्वार, आणि या सर्वांचे परस्परसंयोग असा पसारा. शिवाय ही लिपी तीन मजली. मधल्या मजल्यावर अक्षर, वर मात्रा आणि वेलांटीचे टोक, खाली उकार. आणि सर्वांना बांधणारी शिरोरेषा. शिसमिश्रित धातूचा प्रत्येक खिळा हा स्वतंत्र चौकोनी तुकडा असल्यामुळे, सलग वाहणारी शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी जुळवायची, हेच मुळात अवघड. पुढे त्यावर दोन तोडगे निघाले. अक्षर आणि त्यावरची चिन्हे एकाच तुकड्यावर ओतण्याचा ‘अखंड’ प्रकार, आणि चिन्हे वेगळ्या बारीक खिळ्यांनी वर-खाली रचण्याचा ‘डिग्री’ प्रकार. पहिल्यात खिळ्यांची संख्या वाढे, दुसऱ्यात जुळणाऱ्याचे कष्ट.

ही अडचण मराठीला फार आधीपासून भोवली आहे. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. पण फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले ते रोमन लिपीत. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि वेश परका. स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात या भूमीच्या लिपीत पुस्तके छापण्याची इच्छा व्यक्त केली होती, आणि ती पुरी न होण्याचे एक कारण म्हणून साचांची संख्याच पुढे केली होती : युरोपच्या चोवीस अक्षरांच्या जागी इथे सहाशेच्या आसपास साचे लागतील. मराठी ग्रंथाच्या इतिहासातील हे पहिले मुद्रण-अंदाजपत्रक म्हणायला हरकत नाही. खर्च न परवडल्यामुळे लिपीच बदलली गेली, हा त्याचा निष्कर्ष.

त्यानंतरचे दोन प्रयत्न दोन दिशांनी झाले. पुण्यात ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रेरणेने एका तांबटाला अक्षरे कोरण्याची कला शिकवली गेली, आणि त्या कामातून पुढे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली भगवद्गीता ताम्रपटावरून छापली गेली. इथे खिळे नव्हतेच. संपूर्ण पान तांब्यावर कोरून काढले होते. त्याच साली दूर बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली तयार झालेले पंचानन कर्मकार आणि त्यांचे शिष्य यांनी श्रीरामपूरला हिंदुस्थानी लिप्यांच्या खिळ्यांची ओतशाळाच उभी केली होती. कॅरी यांच्या १८१० सालच्या मराठी कोशासाठी तर मोडीचे खिळे वापरले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ पासून मराठी पुस्तिका छापायला सुरुवात केली तेव्हा खिळे कलकत्त्याहून आणावे लागले. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मराठी खिळा हा मिशन किंवा सरकार यांनाच झेपणारा होता. एकट्या-दुकट्या माणसाने हौसेने किंवा व्यवसाय म्हणून त्यात उतरावे, अशी स्थिती नव्हती.

शिळेचे आगमन

शिळाछापाचा शोध लावणारा आलोइस सेनेफेल्डर हा बव्हेरियातील एक नाटककार होता, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. आपली नाटके स्वतः स्वस्तात छापता यावीत एवढीच त्याची गरज होती. खिळे विकत घेण्याची ऐपत नव्हती. १७९६ ते १७९८ या काळात त्याने जे शोधून काढले त्याचे तत्त्व साधे आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. सोल्नहोफेनच्या खाणीतला बारीक पोताचा चुनखडक घासून गुळगुळीत करायचा. त्यावर चरबीयुक्त शाईने किंवा खडूने लिहायचे. मग डिंक आणि सौम्य आम्ल यांचा हात फिरवून दगड ओला करायचा. कोरी जागा पाणी धरते आणि लिहिलेली जागा तेलकट शाई. वर कागद ठेवून दाब दिला की छाप उमटतो. दगडावर उलटे लिहावे लागते ही अडचण होती. तिच्यावरही उपाय निघाला. खास लेप दिलेल्या कागदावर सुलटे लिहून तो मजकूर दगडावर दाबून उतरवता येऊ लागला.

या पद्धतीत देवनागरीची सगळी गुंतागुंत एका फटक्यात नाहीशी होते. साचे सहाशे असोत की सहा हजार, दगडाला त्याचे सोयरसुतक नाही. लहिया जे लिहील ते छापले जाईल. ज्या देशात सुंदर अक्षर लिहिणाऱ्यांची वाण नव्हती आणि खिळे ओतणाऱ्यांची होती, त्या देशात ही पद्धत रुजली नसती तरच नवल. १८२०च्या दशकात कंपनी सरकारने मुंबईत शिळाप्रेस आणले. नकाशे आणि परिपत्रके यांच्याबरोबरच शाळांसाठी तयार झालेली कित्येक मराठी पुस्तके शिळेवर निघू लागली.

मात्र शिळा खऱ्या अर्थाने मराठी झाली ती गणपत कृष्णाजी यांच्या हाती. भंडारी समाजातील हा कारागीर अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता शिकला, आणि स्वतः प्रेस, शाई, दगड यांची जुळवाजुळव करून १८३१ साली त्याने छापील पंचांग काढले. छापील कागदाला शिवणे म्हणजे विटाळ, शाईत जनावराची चरबी असते, असा त्या काळच्या सनातन्यांचा आक्षेप होता. त्याला उत्तर म्हणून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली असे सांगितले जाते. गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या ग्रंथात या छापखान्याची कहाणी आली आहे, ती मुळातून वाचण्याजोगी आहे. सरकारी आश्रयावाचून आणि मिशनच्या पैशावाचून एका मराठी माणसाने धार्मिक वापराचा मजकूर छापून बाजारात विकला, हे या घटनेचे महत्त्व. आणि ते शिळेमुळे शक्य झाले.

काम तशी पद्धत

शिळा आली म्हणून खिळा मागे पडला असे झाले नाही. दोन्ही पद्धती कित्येक दशके शेजारी शेजारी नांदल्या. गणपत कृष्णाजींनी स्वतःच पुढे खिळ्यांचा छापखानाही चालवला. त्या काळच्या छापणाऱ्यांनी कोणते काम कशावर केले हे पाहिले, तर निवडीमागचा विवेक ध्यानात येतो.

पंचांगाचे उदाहरण घ्या. त्यात रकाने, आडव्या-उभ्या रेघा, बारीक आकडे, मध्येच कुंडलीची चौकट. खिळ्यांनी असे पान रचणे हे आजही कंपॉझिटरच्या जिवावर येणारे काम ठरेल. शिळेवर लिहिणाऱ्याला मात्र हाती पट्टी आणि बोरू असला की झाले. पोथ्यांचे तसेच. ‘भक्तिविजय’, ‘शिवलीलामृत’, ‘पांडवप्रताप’ यांसारख्या ग्रंथांचा वाचक हस्तलिखित पोथीला सरावलेला. आडवी सुटी पाने, ठळक काळे अक्षर, सलग ओळ, प्रत्येक ओवीनंतर दोन दंड आणि आकडा, हे रूप त्याच्या पूजेचा भाग होते. शिळेने ते जसेच्या तसे राखले. छापील पोथी देव्हाऱ्यापर्यंत पोचली, कारण ती छापील दिसत नव्हती. मोडीची गोष्ट याहून स्पष्ट आहे. हात न उचलता लिहिण्याची ही वळणदार लिपी सुट्या खिळ्यांत कोंबणे म्हणजे तिचा प्राण काढून घेणे. मोडी वाचनाची शाळकरी पुस्तके त्यामुळे शिळेवर निघत राहिली.

उलट बाजूला वर्तमानपत्र आणि कोश. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला, तो मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, शेजारी शेजारी स्तंभ लावून. इंग्रजी मजकूर खिळ्यांनी रचायचा, तर मराठीही त्याच फर्म्यात बसली पाहिजे. शिवाय ऐन वेळी आलेली बातमी घालायची, एखादा परिच्छेद काढायचा, स्तंभ लांब-आखूड करायचा, हे सगळे खिळ्यांत होते; शिळेवर पान पुन्हा लिहावे लागते. मोल्सवर्थच्या कोशासारख्या ग्रंथात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ची, नोंदीचा शब्द ठळक, अर्थ बारीक, दोन लिप्या एका ओळीत, आणि पुन्हा पुन्हा मुद्रिते तपासण्याची गरज. असे काम खिळ्यांचेच.

यातून आम्ही एक साधे सूत्र मांडू इच्छितो. खिळ्यांची मोठी गुंतवणूक सुरुवातीला होते : पंच कोरणे, मातृका तयार करणे, खिळे ओतणे, केसा भरणे. एकदा ती झाली की तेच खिळे सोडवून पुढच्या फर्म्याला वापरता येतात, आणि चूक झाली तर एक खिळा काढून दुसरा बसवता येतो. शिळेचे गणित उलटे. सुरुवातीचा खर्च थोडा; पण प्रत्येक पान हे स्वतंत्र लेखन, आणि छपाई झाल्यावर दगड घासून पुढच्या पानासाठी मोकळा करायचा. म्हणजे पुनर्मुद्रण करायचे तर लहियाला पुन्हा बसवायचे. खिळा म्हणजे भांडवल, शिळा म्हणजे मजुरी. ज्याच्याकडे भांडवल नव्हते पण हात होते, त्याने शिळा निवडली.

पाठाचे काय झाले?

इथपर्यंत हा अर्थशास्त्राचा विषय वाटेल. साहित्याच्या अभ्यासकाला खरा सोयरसंबंध आहे तो यापुढच्या भागाशी.

बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरीची छापील प्रत १८४५ साली सिद्ध केली, ती शिळाछाप होती. ज्ञानेश्वरी त्याआधी साडेपाचशे वर्षे हस्तलिखितांतून वाहत आली होती. त्यामुळे शिळाछाप प्रत हाती घेणाऱ्याला ती आणखी एक पोथी वाटणे स्वाभाविक होते, आणि एका अर्थी ती तशी होतीही. तिच्यातील अक्षर एका लेखनिकाचे होते. फरक असा, की पूर्वी लेखनिकाची चूक एका प्रतीत राही. आता तीच चूक शेकडो प्रतींत एकसारखी उमटणार होती. हस्तलिखितपरंपरेत दोन प्रती भिन्न असत, म्हणून वाचक सावध असे. शिळाछापाने हस्तलिखिताचे रूप ठेवले आणि छापील प्रतीची एकसारखेपणाची ग्वाही त्याला जोडली. रूप जुने, अधिकार नवा, अशी ही गुंतागुंत आहे.

खिळ्यांनी वेगळीच सवय लावली. शब्दाशब्दांमध्ये मोकळी जागा, विरामचिन्हे, परिच्छेद, तळटीप, पृष्ठांक, शीर्षकपान, शब्दसूची ही सगळी अवजारे शिळेवर अशक्य होती असे नाही. पण खिळ्यांच्या पानात ती अंगभूत होती. मुद्रितशोधनाच्या पायरीमुळे ‘शुद्ध पाठ’ ही कल्पनाच हाताशी आली. सरकारी साहाय्याने विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली तुकारामांच्या अभंगांची गाथा १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवायचा, प्रत्येक अभंगाला क्रमांक द्यायचा, म्हणजे पुढच्या माणसाला क्रमांकाने संदर्भ देता येईल, ही तिची दृष्टी. पुढे १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची आपली आवृत्ती काढून जुन्या पाठाचा आग्रह धरला. या वादांचे रणांगण खिळ्यांनी रचलेले पान हेच होते. आज आपण ‘संशोधित आवृत्ती’ म्हणतो तेव्हा त्या शब्दामागे संपादकाची विद्वत्ता असतेच. पण एक खिळा काढून दुसरा बसवण्याची सोयही असते.

याचा अर्थ शिळाछाप प्रती अभ्यासाला निरुपयोगी, असा कोणी घेऊ नये. त्या एखाद्या हस्तलिखिताच्या प्रतिनिधी असतात, आणि ते मूळ हस्तलिखित हरवले असेल तर ती शिळाछाप प्रतच साक्षीदार. आपल्याकडे जुन्या संग्रहांत शिळाछाप पोथी ‘हस्तलिखित’ म्हणून आणि हस्तलिखित ‘शिळाछाप’ म्हणून नोंदले जाण्याचा धोका नेहमीचाच आहे. ओळखीच्या दोन-तीन खुणा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवाव्यात. खिळ्यांचे पान पाठीमागून बोटाने चाचपले तर दाबाचा उठाव लागतो, एकच अक्षर पानभर तंतोतंत सारखे दिसते, आणि शिरोरेषेत बारीक फटी सापडतात. शिळेचे पान पाठीमागे सपाट असते, दोन ‘क’ कधी अगदी सारखे नसतात, शिरोरेषा सलग असते. आणि हस्तलिखितात शाई कमी-जास्त होते, बोरू पुन्हा बुडवल्याची जागा दिसते. शिळाछापात काळेपणा सर्वत्र एकसारखा राहतो.

खिळ्याची सरशी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी ग्रंथासाठी तराजू खिळ्याच्या बाजूने झुकला. त्याचे मोठे श्रेय जावजी दादाजी यांच्याकडे जाते. अमेरिकन मिशनच्या ओतशाळेत लहानपणी कामाला लागलेल्या या माणसाने १८६४ साली स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षर कोरणारा कारागीर त्यांना लाभला. निर्णयसागरचे देवनागरी वळण इतके सुडौल ठरले, की ‘काव्यमाला’सारख्या संस्कृत ग्रंथमालेमुळे ते देशभरच्या आणि देशाबाहेरच्या विद्वानांच्या डोळ्यांत बसले. तयार खिळे बाजारात विकत मिळू लागताच भांडवलाची अट सैल झाली. लहान गावातला छापखानाही आता खिळे विकत घेऊ शकत होता. शिळेचा मुख्य फायदा तिथेच संपला.

मग शिळा गेली कुठे? ती चित्रांकडे गेली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली, तेव्हा देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे शिळेवर छापली जाऊ लागली. त्याच मंडळींच्या आर्यभूषण छापखान्यातून १८८१ साली ‘केसरी’ निघू लागला, तो खिळ्यांनी रचलेला. एकाच वर्तुळातील माणसे मजकुराला खिळा आणि चित्राला शिळा अशी वाटणी करत होती. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली गिरगावात उभा राहिला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, असे एकावर एक ठसे उमटवून तयार झालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घराघरांत गेली.

ही सरशी अटळ होती काय? उर्दूकडे पाहिले तर तसे म्हणवत नाही. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने, १८५८ पासून, शिळेच्या बळावर प्रचंड ग्रंथसंपदा निर्माण केली. नस्तालीकचे उतरते वळण खिळ्यांत नीट बसेना, आणि वाचकाला नस्ख वळणाचे खिळे डोळ्यांना रुचेनात. कातिब, म्हणजे सुलेखनकार, उर्दू वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपर्यंत टिकून होता. १९८१ साली संगणकीय जुळणीसाठी ‘नूरी नस्तालीक’ आले तेव्हा कुठे चित्र बदलू लागले. मराठीने बाळबोध निवडली, खिळा स्वीकारला आणि मोडी हळूहळू सोडली. मोडी मागे पडण्याची कारणे अनेक आहेत, शिक्षणखात्याचे धोरण त्यात मोठे आहे. पण खिळ्यांच्या बाजारात जी लिपी परवडली नाही ती छापील वाङ्मयाची लिपी झाली नाही, हे एक कारण आम्हांला नजरेआड करवत नाही. आज महाराष्ट्रातील दप्तरखान्यांत मोडीचे रुमाल वाचणाऱ्यांची वाट पाहत पडले आहेत; त्या प्रतीक्षेत या निवडीचाही वाटा आहे.

जागांची अदलाबदल

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आयरा रुबेल याने ऑफसेटचा कागदावरील छपाईसाठी उपयोग केला. दगडाची जागा धातूच्या पातळ पत्र्याने घेतली. पत्र्यावरची प्रतिमा आधी रबराच्या आवरणावर आणि तिथून कागदावर उतरू लागली. तत्त्व मात्र सेनेफेल्डरचेच, तेल आणि पाणी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी वर्तमानपत्रे आणि पुस्तके खिळ्यांकडून ऑफसेटकडे वळली. म्हणजे शिळेने खिळ्याला शेवटी मात दिली, फक्त दोन पिढ्यांनी उशिरा आणि दगड टाकून देऊन.

इथेच या इतिहासातील सर्वांत मनोरंजक वळण येते. कूळ पाहिले तर ऑफसेट ही शिळेची वारस. भूमिका पाहिली तर मात्र ती खिळ्याच्या जागी बसली आहे. पत्रे तयार करणे, यंत्र जुळवणे, शाई-पाण्याचा तोल साधेपर्यंत काही कागद वाया घालवणे, हा सुरुवातीचा खर्च मोठा. तो झाला की पुढची प्रत स्वस्त. डिजिटल छपाईत पत्राच नाही. टोनरची भुकटी किंवा शाईचे थेंब संगणकातील प्रतिमेवरून थेट कागदावर येतात. चेस्टर कार्लसन याने १९३८ साली कोरड्या प्रतिलेखनाचा जो प्रयोग केला त्याची ही परिणती. १९९३ साली इंडिगो आणि झायकॉन यांची रंगीत डिजिटल यंत्रे आल्यापासून ती पुस्तक-छपाईची पद्धत बनत गेली. सुरुवातीचा खर्च जवळजवळ शून्य, पण हजारावी प्रतही पहिलीइतकीच महाग. १८३१ साली शिळेने जी सोय दिली, कमी भांडवलात थोड्या प्रती, ती आज डिजिटल देते.

गणित करूनच पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एका पुस्तकाला ऑफसेटचा सुरुवातीचा खर्च २०,००० रुपये आणि पुढे प्रतीमागे ४० रुपये पडतात. डिजिटलला सुरुवातीचा खर्च नाही, पण प्रतीमागे ९० रुपये. प्रतीमागचा फरक ५० रुपयांचा. २०,००० भागिले ५० म्हणजे ४००. चारशे प्रतींच्या आत डिजिटल स्वस्त, चारशेच्या पुढे ऑफसेट. आकडे बदलतील तसा हा बिंदू सरकेल, पण असा बिंदू असणारच. या हिशेबात एक गोष्ट धरली जात नाही : न खपलेल्या प्रती. हजार छापून तीनशे खपल्या, तर स्वस्त प्रत महाग पडते. मराठीत कविता, समीक्षा, प्रबंध यांची आवृत्ती बहुधा याच पट्ट्यात येते.

थोड्या प्रतींच्या पद्धतीने मराठी साहित्याला काय दिले याचा एक दाखला सर्वपरिचित आहे. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्या ‘शब्द’ या अनियतकालिकासाठी सायक्लोस्टाइल यंत्र पुरेसे ठरले. प्रस्थापित छापखान्याच्या गणितात जे बसत नव्हते ते मेणकागदावर बसले. साठोत्तरी लघुअनियतकालिकांच्या चळवळीचा विचार करताना बंडखोरीबरोबर या यंत्राचाही विचार केला पाहिजे. गणपत कृष्णाजींचा दगड, सायक्लोस्टाइलचा मेणकागद आणि आजचे डिजिटल यंत्र यांच्यात तांत्रिक नाते नाही. ज्याच्याकडे पैसा नाही पण छापण्याजोगे काही आहे, त्याला दार उघडून देण्याचे काम मात्र तिघांनी केले.

आवृत्तीचा प्रश्न

तरीही आमच्या मते या निवडीत एक गंभीर गोष्ट गुंतलेली आहे, आणि छापखान्यातील चर्चेत ती निघत नाही. काळ्या रंगाचा सारखेपणा, कागदाची निवड, घडीवर टोनर उडणे, हे मुद्दे दिसणारे आहेत. यंत्रे सुधारतील तसे ते मागे पडतील. न दिसणारा मुद्दा ‘आवृत्ती’ या संकल्पनेचा आहे.

खिळ्यांच्या आणि ऑफसेटच्या काळात ‘पहिली आवृत्ती, हजार प्रती’ या शब्दांना निश्चित अर्थ होता. त्या हजार प्रती बहुतांशी सारख्या असत. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ यासारखे प्रचंड काम उभे राहिले ते याच गृहीतावर, की सालासह नोंदलेली आवृत्ती ही एक ओळखता येण्याजोगी वस्तू आहे. मागणीनुसार पन्नास-पन्नास प्रती काढण्याच्या पद्धतीत दोन छपायांच्या मध्ये फाइल उघडता येते. लेखक एक वाक्य बदलतो, प्रकाशक एक परिच्छेद गाळतो, फाँट बदलताना जोडाक्षरे तुटतात; शीर्षकपान तेच राहते. दोन वाचकांच्या हाती एकाच नावाची, एकाच सालाची, पण भिन्न पाठाची पुस्तके येऊ शकतात. हस्तलिखितांच्या काळात हे होते. पण तेव्हा प्रत्येक पोथी वेगळी असणार हे वाचकाला ठाऊक असे. १८४५च्या शिळाछाप ज्ञानेश्वरीने जुन्या रूपात नवा अधिकार आणला होता. डिजिटल प्रत याच्या उलट करते : रूप स्थिर आवृत्तीचे आणि आत पोथीची चंचलता.

यावर उपाय खर्चिक नाही. पुस्तकाच्या पाठपानावर प्रकाशनाच्या सालाबरोबर त्या विशिष्ट छपाईची तारीख, पद्धत आणि मजकुरात बदल केला असल्यास त्याची एक ओळ द्यावी. जुन्या शिळाछाप पोथीच्या अखेरीस लेखनिकाचे नाव आणि शक कित्येकदा सापडतो. निदान तेवढे तरी आपण करावे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपण वापरलेल्या प्रतीची छपाई नोंदवण्याची सवय लावून घ्यावी, आणि मार्गदर्शकांनी ती मागावी. किती प्रती काढायच्या या प्रश्नाचे उत्तर छापखाना देईल. त्या प्रती एकाच पाठाच्या आहेत की नाहीत, याची नोंद ठेवणे हे काम साहित्याच्या अभ्यासकांचे आहे आणि ते आतापासून केले नाही, तर शंभर वर्षांनी आपल्या काळातील पुस्तकांची पाठचिकित्सा ज्ञानेश्वरीच्या पाठचिकित्सेपेक्षा कठीण होऊन बसेल.